प्रबंधातली माझी एक ओळ

लाखनीच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. दारात झेरॉक्सची मशीन, आत दोन कॉम्प्युटर, भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने. अर्ज, शपथपत्रं, वाढदिवसाचे बॅनर, तेरवीच्या पत्रिका असं सगळं मी करते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी कॉलेज सुटलं ते सुटलंच. पण ऱ्हस्व-दीर्घात मला अजून कोणी हरवलेलं नाही. आमच्या भागातले मास्तर आणि कॉलेजातले प्राध्यापक आपले पीएच.डी.चे प्रबंध माझ्याकडे आणतात ते त्याचसाठी. विद्यापीठात प्रबंध गेला की शुद्धलेखनासाठी परत येत नाही, अशी माझी ख्याती आहे आणि ती मी स्वतःच पसरवली आहे.

प्रबंध हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो मात्र लग्नपत्रिकेत. तुमसर-गोंदियाकडची हिंदी बोलणारी घरं पत्रिकेच्या खाली छापून घेतात, भोजन का प्रबंध अमुक जागी. बँकेच्या पत्रावर शाखा प्रबंधक असतो. म्हणजे प्रबंध म्हणजे व्यवस्था, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग एक दिवस एक सर जाडजूड हस्तलिखित घेऊन आले. वर लिहिलेलं, पीएच.डी. पदवीसाठी सादर केलेला प्रबंध. मी विचारलं, "सर, यात कशाची व्यवस्था केली आहे?"

ते खूप हसले. "ताई, हा वेगळा प्रबंध."

"वेगळा म्हणजे कसा? शब्द तर तोच आहे."

"टाइप करा हो तुम्ही," ते म्हणाले.

त्यांनाही माहीत नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. माणसाला उत्तर येत नसलं की तो समोरच्याला कामाला लावतो.

त्यानंतर काही वर्षांनी मॅडम आल्या. मोहाडीकडच्या, साकोलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांचा विषय ऐकून मी खुर्चीत सरसावून बसले. झाडीबोलीतले, म्हणजे आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या बोलीतले, धानशेतीचे शब्द. आजवर माझ्याकडे संतसाहित्यावरचे, कादंबऱ्यांवरचे, ग्रामपंचायतींवरचे प्रबंध आले होते. माझी माय ज्या शब्दांत दिवसभर बोलते, त्यांच्यावर कोणी पीएच.डी. करत असेल असं मला वाटलं नव्हतं. धानाची रोपं ते पऱ्हे, त्यांची लावणी ती रोवणी, शिवाय बांधी, धुरा असे शब्द मॅडमच्या सुबक अक्षरात कागदावर पाहून मला घरचं माणूस सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलेलं दिसावं तसं वाटलं.

पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच मी अडले. एक लांबलचक वाक्य होतं. प्रबंध म्हणजे विषयाची सखोल, सांगोपांग आणि शास्त्रशुद्ध चिकित्सा करणारा वैचारिक ग्रंथ होय. मी टाइप करणं थांबवलं आणि मॅडमकडे वळले.

"मॅडम, हे वाक्य मी याआधी चारदा टाइप केलं आहे."

"म्हणजे?"

"चार वेगवेगळ्या प्रबंधांत. एकात चिकित्सा दीर्घ लिहिली होती, मी ती दुरुस्त केली. बाकी शब्दाला शब्द हेच."

मॅडमचा चेहरा उतरला, मग चढला. "तुम्ही टायपिंग करता की परीक्षण?"

मी पाचव्यांदा ते वाक्य टाइप केलं. पण दोन दिवसांनी मॅडम परत आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "काढा ते. विद्यापीठात आता प्रबंध मशीनमध्ये घालून तपासतात. कुठून उचललं ते लाल रंगात दिसतं. मी एका मैत्रिणीच्या प्रबंधातून घेतलं होतं, तिनं कुठून घेतलं देव जाणे." वही उघडून त्यांनी विचारलं, "पण मग प्रबंधाचा अर्थ काय लिहू?"

मी माझी जुनी शंका सांगितली. हिंदीत व्यवस्था, मराठीत ग्रंथ, हे कसं? मॅडमनी मला उडवून लावलं नाही. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून घेतला. त्या क्षणी त्या मला आवडल्या.

पुढच्या आठवड्यात त्या कॉलेजच्या लायब्ररीतले शब्दकोश बघून आल्या. दुकानात गिऱ्हाईक होतं, एका बाईचं उत्पन्नाच्या दाखल्याचं काम चाललं होतं, तरी त्या उभ्या उभ्याच सांगू लागल्या. मूळ धातू बंध्, म्हणजे बांधणं. आधी प्र लागला की नीट, पुढपर्यंत, न तुटता बांधणं. संस्कृतात प्रबंध म्हणजे एकाला एक जोडून केलेली अखंड बांधणी. ती विचारांची असली तर ग्रंथ, कामांची असली तर व्यवस्था. हिंदीनं रोजच्या वापरात व्यवस्था ठेवली, मराठीनं ग्रंथ. मराठीतही जुन्या लिखाणात प्रबंध व्यवस्थेच्या अर्थानं सापडतो.

"आणि निबंध?" मी विचारलं.

"तोही त्यातलाच. बंधच."

दाखल्यासाठी आलेली बाई म्हणाली, "मॅडम, माझा भी काही प्रबंध करा, तहसीलात चार चकरा झाल्या." आम्ही तिघी हसलो.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तर माय अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. आमचं घर लाखनीपासून जवळच्या खेड्यात आहे, बुद्धविहाराच्या मागच्या ओळीत. धानाची दोन छोटी शेतं, दोन बांध्या, आमच्या स्वतःच्या, आणि माय आयुष्यभर दुसऱ्यांच्याही बांध्यांत रोवणीला गेलेली. चौथीपर्यंत शिकलेली. मी तिला उत्साहानं सगळं सांगितलं. प्रबंध, बंध, बांधणं.

माय पाखडणं न थांबवता म्हणाली, "मंग बांधी काय आहे? ते भी तेच हाय ना. चारी बाजूनं धुरा बांधला का बांधी झाली. नाही बांधला तं नुसती जमीन. पाणी राहीन कसं तिथं?"

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"अशी काय पाहून राहिली माह्याकडं? चाय मांड."

मी चहा मांडला, पण डोक्यात चक्र फिरत होतं. मातीच्या धुऱ्यानं पाणी धरून ठेवायचं, म्हणून ती बांधी. विचार तुटू द्यायचे नाहीत, म्हणून तो प्रबंध. धानाच्या शब्दांवरचा प्रबंध, आणि त्या प्रबंधाचं नावच बांधीतून निघालेलं! मी दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. त्या वर्गावर निघाल्या होत्या. "छान आहे, पाहू," एवढंच म्हणाल्या. मग दिवाळी आली, सूची करायची राहिली, मार्गदर्शक सरांनी दोन प्रकरणं परत पाठवली, आणि ते पाहू तसंच राहून गेलं.

प्रबंध सादर करायच्या आदल्या दिवशी मी शेवटची प्रत काढत होते. मॅडम सही-शिक्क्यांसाठी कॉलेजात गेल्या होत्या. पान सातवर, जिथे शब्दाचा अर्थ संपतो, तिथे खाली दोन ओळींची जागा मोकळी राहत होती. पुढचा परिच्छेद नव्या पानावर जात होता. मोकळी जागा मला बघवत नाही, हा माझ्या धंद्याचा दोष. मी फोन उचलला, मॅडमचा नंबर लागला नाही. दुसऱ्यांदा लावला नाही. मी ती ओळ टाइप केली. 'धानाच्या बांधीवरूनच प्रबंध हा शब्द आला आहे; बांधीत पाणी धरतात, प्रबंधात विचार धरतात.' वाचून पाहिली. मला ती फार आवडली. प्रिंट दिला.

मॅडम परतल्या तेव्हा त्यांना सांगायचं होतं. पण त्या घाईत होत्या, बाइंडिंगवाला दुकान बंद करायच्या बेतात होता, आणि खरं सांगायचं तर त्यांनी नको म्हटलं असतं तर? मी सांगितलं नाही. आजही मी एवढंच म्हणेन की मला ते चूक वाटत नव्हतं.

बऱ्याच महिन्यांनी मॅडमचा फोन आला. मौखिक परीक्षेची तारीख लागली होती. "खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. तुम्ही या. अर्धा प्रबंध तुमचाच आहे." त्यांनी हे कौतुकानं म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र पान सात आलं.

दुकानाचं शटर पाडून मी त्यांच्यासोबत बसनं गेले. ज्या कॉलेजात परीक्षा होती तिथला हॉल मोठा होता, पण माणसं वीसेक. पुढे मार्गदर्शक सर, शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. पांढरे केस, पश्चिम महाराष्ट्रातले, आवाज बारीक पण प्रत्येक शब्द मोजून टाकलेला. मॅडमनी अर्धा तास मांडणी केली. छान बोलल्या. मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसून त्यांचं प्रत्येक वाक्य ओळखत होते.

मग परीक्षकांनी प्रबंध उघडला. त्यात कागदाच्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. पहिलीच चिठ्ठी काढली आणि म्हणाले, "पान सात."

ते पान मी डोळे मिटूनही सांगू शकले असते.

त्यांनी ओळ मोठ्यानं वाचली. सगळ्या हॉलमध्ये माझी ओळ ऐकू गेली. "हे मत कोणाचं? तळटीप नाही. कोशाचा आधार नाही."

मॅडमनी आपल्या प्रतीत पान सात काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांची मान हळूच वर झाली आणि नजर थेट माझ्यावर आली. ती नजर मी विसरणार नाही. मग त्या परीक्षकांकडे वळल्या.

"सर, या वाक्याचा पहिला भाग चूक आहे. दुसरा बरोबर आहे."

"स्वतःच्याच प्रबंधातलं वाक्य चूक?"

"हो. बांधीवरून प्रबंध आलेला नाही. दोन्ही एकाच धातूपासून आले आहेत. बांधी ही प्रबंधाची आई नाही, बहीण आहे. एक शेतात राहिली, एक पोथीत गेली. वाचून पाहताना माझ्या नजरेतून सुटलं. चूक माझी."

परीक्षकांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. पुढे तासभर प्रश्न झाले. मॅडम एकदाही अडखळल्या नाहीत. पण माझं त्यात लक्ष लागत नव्हतं. माझी चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली होती, आणि ती चूक होती हेही मला आत्ताच कळलं होतं. इतके दिवस मी ज्या ओळीवर खूश होते, ती अर्धी उलटी निघाली.

शेवटी मार्गदर्शक सरांनी रीतीप्रमाणे विचारलं, "सभागृहातून कोणाला काही विचारायचं आहे?" असं विचारतात तेव्हा कोणी उठत नसतं. मी उठले.

"सर, विचारायचं नाही, सांगायचं आहे. पान सातवरची ती ओळ मॅडमची नाही. माझी आहे. मी टायपिंग करते. मॅडमना न विचारता घातली."

हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. मार्गदर्शक सरांचा चेहरा लालबुंद. मॅडम खाली टेबलाकडे बघत होत्या. परीक्षकांनी चष्मा काढला.

"बाई, टायपिंग करणाऱ्यानं स्वतःहून स्वल्पविरामसुद्धा घालू नये. तुम्हाला माहीत आहे ना, यानं यांची पदवी अडू शकते?"

"माहीत आहे सर. म्हणूनच उठले. प्रबंधात बाकी एक अक्षर माझं नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "बांधी म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे खाचर म्हणतात. तुम्ही बांधीत काम केलं आहे का?"

"लहानपणापासून."

"मग सांगा."

मी सांगितलं. जमिनीचा तुकडा, चारी बाजूंनी मातीचा धुरा, उन्हाळ्यात त्याची डागडुजी, एका बांधीतलं पाणी फोडून खालच्या बांधीत सोडायचं ते कसं, आणि धुऱ्याला खेकड्यानं भोक पाडलं की बायका पायानं चिखल दाबून ते कसं बुजवतात. बोलताना माझा आवाज आपोआप मोठा झाला. मी हॉलमध्ये आहे हे विसरले. "माझी माय म्हणते, धुरा नाही तर बांधी नाही, नुसती जमीन आहे. मी त्यावरून पुढचं ताणलं. ते ताणलेलं चूक झालं. मायचं म्हणणं चूक नाही."

"नाही, ते चूक नाही," परीक्षक म्हणाले. मग मॅडमकडे वळून, "वाक्य दुरुस्त करा. मूळ धातूची तळटीप द्या. आणि या बाईंच्या आईंना माहिती देणाऱ्यांच्या यादीत घ्या. त्यांना भेटून, त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकून. एवढी दुरुस्ती करून अंतिम प्रत द्यावी, अशी शिफारस मी करतो."

पदवीची शिफारस झाली. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले. मार्गदर्शक सर पेढा घेऊन माझ्यासमोरून दोनदा गेले, दोन्ही वेळा पेढा दुसऱ्याला दिला.

परतीच्या बसमध्ये मॅडम खिडकीशी, मी शेजारी. भंडारा मागे पडलं. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती, गाडी थांबत थांबत चालली होती. मीच म्हटलं, "मॅडम, चुकलं माझं."

तेव्हा त्या फुटल्या. "चुकलं? सहा वर्षं, ताई! सुट्या नाही घेतल्या, लेकरांच्या परीक्षा नाही पाहिल्या, मोहाडीच्या बाजारात बसून म्हाताऱ्यांचे शब्द लिहून घेतले. आणि तू एका ओळीनं ते सगळं पाण्यात घातलं असतंस! काहून केलंस असं?"

आजपर्यंत त्या मला तुम्ही म्हणत होत्या. आणि काहून हा आमच्या घरातला शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"मला वाटलं, माझ्या मायचं काहीतरी त्यात जावं," मी म्हटलं. हेच खरं होतं, आणि ते मलाही तेव्हाच कळलं.

मॅडमनी डोळे पुसले. "मग तसं सांगायचं होतं. मी नाही म्हटलं असतं का?"

"म्हटलं असतं," मी सांगितलं.

त्यांनी रुमाल पर्समध्ये टाकला. "हो, म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या. लाखनी आल्यावर मी उतरले. त्यांना पुढे साकोलीपर्यंत जायचं होतं. त्यांनी हात हलवला नाही.

दहा दिवस त्यांचा फोन नव्हता. मी धरून चालले की अंतिम प्रत त्या दुसरीकडे करून घेणार, आणि मला त्यांचा राग आला नाही. अकराव्या दिवशी त्या स्कूटीवरून दुकानात आल्या, हातात वही आणि फोनमध्ये रेकॉर्डिंगची सोय. "चल, तुझ्या मायकडे."

माय त्यांच्याशी तासभर बोलली. मॅडमनी बांधी, धुरा, पऱ्हे यांच्यापासून सुरुवात केली आणि माय कुठल्या कुठे पोचली. कोणत्या धानाला किती पाणी लागतं, रोवणीची गाणी आता कोणाला येत नाहीत, पाटलांच्या बांधीत जेवायला केव्हा बसू देत आणि केव्हा नाही. ते शेवटचं सांगताना तिनं आवाज वाढवला नाही की कमी केला नाही. मॅडमनी तेही लिहून घेतलं. निघताना त्यांनी मायला वाकून नमस्कार केला. माय ओशाळली. "अवं, राहू द्या बाई. तुम्ही शिकले-सवरलेले."

"शब्द तुमचे आहेत, मावशी. मी फक्त बांधून ठेवून राहिली," मॅडम म्हणाल्या.

दुरुस्त केलेलं पान सात मॅडमनी माझ्या शेजारी खुर्ची ओढून, एक एक शब्द मोठ्यानं सांगत टाइप करवून घेतलं. मी एकही अक्षर आपल्या मनानं घातलं नाही. बांधी आणि प्रबंध एकाच धातूची लेकरं असल्याचं नवं वाक्य आलं, खाली कोशांची तळटीप आली. प्रिंट काढून मी ते वाक्य दोनदा वाचलं. माझ्या वाक्यापेक्षा ते कमी देखणं होतं आणि जास्त खरं होतं. तेव्हापासून माझ्या टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्यांचं एक पॅड असतं. मला काही सुचलं की मी चिठ्ठीवर लिहून पानाला चिकटवते आणि लिहिणाऱ्याच्या हातात देते. काही जण चिठ्ठी फेकतात. काही जण खुर्ची ओढून बसतात. अलीकडे खुर्ची ओढणारे वाढले आहेत.

प्रबंधाची एक प्रत मॅडमनी मायसाठी दिली. परिशिष्टात माहिती देणाऱ्यांची यादी होती, त्यात मायचं नाव, गाव, व्यवसाय शेती व मजुरी, वय अडुसष्ट. मी पान उघडून तिच्यासमोर धरलं. तिनं बोट ठेवून, अक्षर जुळवत, आपली ओळ शेवटपर्यंत वाचली.

"बरोबर हाय," ती म्हणाली. मग बोट मागे नेलं. "पण अडुसष्ट काहून लिवलं? तुह्या मॅडमले सांग, मी अजून रोवणीले जातो. पासष्ट लिव म्हणा."

"माय, आधारकार्डावर अडुसष्ट आहे."

"आधारकार्ड बनवणारा भी तुह्यासारखाच टायपिंगवाला असन," माय म्हणाली आणि प्रबंध बंद करून कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवून आली.